मार्गो फॉन्टेन: साठीपर्यंतचं नाचणं आणि त्यानंतरची पनामातली गुरं

निशिगंध

मार्गो फॉन्टेनचं नाव निघालं की पाठोपाठ रुडॉल्फ नुरेयेवचं येतं आणि मग गोष्ट ठरलेल्या वळणाने जाते. बेचाळिशीत निवृत्तीकडे झुकलेली इंग्लिश बॅलेरिना, तेवीस वर्षांचा बंडखोर रशियन नर्तक, त्याच्यामुळे तिला मिळालेला दुसरा जन्म, मग नवऱ्यावर गोळीबार, त्याच्या औषधपाण्यासाठी साठीपर्यंत नाचणं, शेवटी पैशांची ओढगस्त आणि परमुलखात मृत्यू. यातलं काहीही खोटं नाही. पण सगळं असं एका दोऱ्यात ओवलं की बाई नुसती बिचारी उरते. मला ते पटत नाही. ती इतकी वर्षं टिकली ती स्वतःच्या कामाच्या बळावर, आणि रंगमंच सोडल्यानंतरची वर्षंही तिने स्वतः निवडली होती. त्यावर नीट बोलावं म्हणून हा धागा.

तिचं मूळ नाव मार्गारेट हूकम, घरात पेगी. जन्म १८ मे १९१९, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातलं रायगेट. वडील इंजिनिअर, त्यांच्या नोकरीपायी लहानपणीची काही वर्षं शांघायमध्ये गेली आणि बॅलेचे पक्के धडे तिने तिथेच, जॉर्ज गोंचारोव्ह या रशियन शिक्षकाकडे गिरवले. क्रांतीनंतर देशोधडीला लागलेले रशियन नर्तक जिथे पोचले तिथे बॅले रुजवत गेले, त्यातलाच हा प्रकार. १९३४ साली ती लंडनमध्ये निनेट द व्हॅलोईच्या व्हिक-वेल्स कंपनीत (पुढची रॉयल बॅले) आली. पहिलं काम 'नटक्रॅकर'मध्ये, हिमकणांच्या घोळक्यातला एक हिमकण. पुढच्याच वर्षी कंपनीची मुख्य बॅलेरिना अलिशिया मार्कोवा बाहेर पडली आणि तिच्या भूमिका एकेक करत या सोळा वर्षांच्या मुलीकडे आल्या.

आता जे फार कमी वेळा बोललं जातं ते. तंत्राच्या मोजपट्टीवर फॉन्टेन तिच्या काळातली सर्वात तगडी नर्तकी नव्हती. तिची पावलं मऊ होती, कमान बेताची. 'स्वान लेक'मधले ते प्रसिद्ध बत्तीस फुएते, म्हणजे एका पायावर सलग घेतलेल्या गिरक्या, तिच्याहून कितीतरी सफाईने घेणाऱ्या मुली होत्या. तिच्याकडे होता तो शरीराचा विलक्षण प्रमाणबद्धपणा, संगीताचा कान आणि तोल.

हा तोल म्हणजे काय ते 'स्लीपिंग ब्यूटी'तल्या रोझ अदाजिओत बघावं. राजकन्या अरोराचा सोळावा वाढदिवस, चार राजपुत्र मागणी घालायला आलेले. ती एका पायाच्या टोकावर उभी, दुसरा पाय मागे गुडघ्यात वाकवून उचललेला. पहिला राजपुत्र हात धरून तिला जागच्या जागी गोल फिरवतो आणि हात सोडतो. ती दोन्ही हात डोक्यावर नेते, आधाराविना उभी राहते, मग दुसऱ्याच्या हातात हात देते. पुन्हा तेच, असं चौघांपर्यंत. सगळा भार काही बोटं रुंदीच्या सपाट टोकावर. घोटा जरा थरथरला तरी शेवटच्या रांगेत कळतं. बऱ्याच जणी इथे वाद्यवृंद पुढे गेला तरी तोल दाखवत थांबतात, टाळी घेतात. फॉन्टेनच्या चित्रफितीत बघा, हात सुटतो तो सुरावर आणि पुढचा हात धरला जातो तोही सुरावर. कसरत बघतोय असं वाटतच नाही, वाटतं की एक मुलगी चार अनोळखी माणसांना पारखून घेतेय.

याच भूमिकेने तिचं आयुष्य दोनदा बदललं. युद्धात लंडनच्या कोव्हेंट गार्डनचं ऑपेरा हाऊस लोकांच्या नाचण्याचा हॉल झालं होतं. २० फेब्रुवारी १९४६ रोजी ते पुन्हा उघडलं ते 'स्लीपिंग ब्यूटी'नेच. कापडावर रेशनिंग होतं, पोशाखांसाठी लोकांनी आपली कूपनं दिली. आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये तिने हीच अरोरा केली. त्या रात्रीनंतर ती जगाची झाली.

थोडक्यात, नुरेयेव यायच्या आधीच पंचवीसेक वर्षांचं भरीव काम तिच्या खात्यावर जमा होतं. कंपनीचा नृत्यरचनाकार फ्रेडरिक ॲश्टन तिच्या शरीरावर, तिच्या स्वभावावर बॅले रचत होता. १९५३ साली घटसर्पामुळे तिच्या पायातली ताकद गेली आणि काही महिने ती रंगमंचापासून दूर होती. त्यातूनही ती परतली. १९५४ साली रॉयल अकॅडमी ऑफ डान्सिंगची अध्यक्ष, १९५६ साली 'डेम' हा ब्रिटिश किताब. १९५९ पासून ती कंपनीत पाहुणी कलाकार म्हणून नाचू लागली, म्हणजे कायमच्या नोकरीतून मोकळी झाली. नुरेयेव पॅरिसच्या विमानतळावर सोव्हिएत मंडळींच्या हातून निसटला तो जून १९६१ मध्ये. दोघांची पहिली 'जिझेल' २१ फेब्रुवारी १९६२ ची. आणि पनामाचा मुत्सद्दी असलेल्या तिच्या नवऱ्यावर, टिटो आरियासवर, गोळ्या झाडल्या गेल्या जून १९६४ मध्ये. हा क्रम लक्षात घ्या. तिने पुढे नाचायचं ठरवलं तेव्हा नवरा धडधाकट होता. मग "नवऱ्यासाठी नाचली" हे पुरं उत्तर कसं?

तबकडी

लेख आवडला, रोझ अदाजिओचा परिच्छेद तर फारच. पण लांबलेल्या कारकिर्दीची किंमत दुसऱ्या कुणीतरी चुकवली, ती बाजू यात आली नाही, म्हणून लिहितो.

१९६५ चा नृत्यरचनाकार केनेथ मॅकमिलनचा 'रोमिओ अँड ज्युलिएट' घ्या. मॅकमिलनने तो रचला लिन सेमूर आणि ख्रिस्तोफर गेबल यांच्यावर. ज्युलिएट पलंगाच्या कडेला नुसती बसून राहते, पूर्ण संगीत वाजत असतं आणि ती हलतही नाही, हा धाडसी क्षण सेमूरच्या स्वभावातून आलेला. पण ९ फेब्रुवारीच्या पहिल्या प्रयोगाला उभे राहिले फॉन्टेन आणि नुरेयेव. अमेरिकेचा दौरा ठरलेला, तिथला निर्माता सोल हुरोक याला तिकीटबारीवर चालणारी नावं हवी होती. पडदा खाली जाऊन वर येत राहिला, चाळीसेक मिनिटं टाळ्या चालल्या, सगळं खरं. फॉन्टेन तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती, सेमूर पंचविशीची. स्वतःच्या अंगावर बेतलेली भूमिका पहिल्या रात्री दुसरीला करताना बघणं काय असतं?

त्या सगळ्या पिढीचंच असं झालं. स्वेतलाना बेरिओसोव्हासारखी कसदार बॅलेरिना ऐन उमेदीत सावलीत राहिली. मोठं झाड आपणहून कुणाचं वाईट करत नाही, पण खालच्या रोपाला ऊन मिळत नाही ते नाहीच.

निशिगंध

तबकडी, मुद्दा अगदी मान्य आणि तो धाग्यात यायलाच हवा होता. फक्त जबाबदारी कुणाची यावर माझं मत वेगळं आहे. भूमिका वाटणं हे कंपनीचं काम, आणि तिकिटं खपवणं निर्मात्याचं. नाही म्हणण्याचा अधिकार फॉन्टेनला होता, तो तिने वापरला नाही हे खरं. पण तिने ज्युलिएट बळकावली असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. सेमूरची ज्युलिएट पुढे लोकांनी पाहिली आणि आज जाणकार त्या भूमिकेबद्दल बोलताना सेमूरचंच नाव आधी घेतात.

चवडा

मी बॅले शिकले आहे, शिकवतेही. शरीराच्या बाजूने थोडं लिहिते, कारण "साठीपर्यंत नाचली" हे दोन शब्द वाचायला सोपे आहेत.

पॉइंट शूजमध्ये, म्हणजे पायाच्या टोकावर उभं राहायच्या बुटांत, लाकूड नसतं, तसा समज असला तरी. कापड आणि कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवून पुढची डबी तयार होते, वरून सॅटिन. नवा जोड तसाच घालून कुणी नाचत नाही. तळवा हाताने वाकवून मोडून घ्यायचा, रंगमंचावर टकटक येऊ नये म्हणून टोक भिंतीवर नाहीतर पायरीवर आपटायचं, घसरू नये म्हणून टोकाच्या कडेने जाड दोऱ्याने रफू करायचं, रिबिनी स्वतः शिवायच्या. एवढं करून घामाने खळ विरघळली की डबी मऊ पडते. मोठ्या भूमिकेत एका प्रयोगात एक जोड जातो, कधी एकाहून जास्त. बॅलेरिनाच्या संध्याकाळी सुईदोऱ्यात जातात त्या अशा.

आणि हे झालं बुटांचं. बॅलेत पाय खुब्यापासून बाहेरच्या बाजूला वळवलेला असतो, रोज, प्रत्येक हालचालीत. वयानुसार आधी उडी जाते, मग खुबा कुरकुरायला लागतो. न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या सुझान फॅरेलचा खुबा बदलावा लागला; ती तरीही रंगमंचावर परतली आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी निरोप घेतला. तो पराक्रमच मानला गेला.

फॉन्टेनने काय केलं ते आम्हा शिकवणाऱ्यांना फार शिकण्यासारखं आहे. तिने जे जात होतं ते झाकण्यात ताकद घालवली नाही. १९६३ चा ॲश्टनचा 'मार्गरिट अँड आर्मां' बघा. लिस्टच्या पियानो सोनाटावर बेतलेला, क्षयाने मरणाऱ्या बाईची गोष्ट. त्यात उंच उड्या फारशा नाहीत. आहेत त्या पाठ, मान, हात, आणि खोलीत येणाऱ्या माणसाकडे ती वळते ती वळण्याची तऱ्हा. म्हणजे पन्नाशीकडे जाणाऱ्या नर्तकीकडे जे अजून शाबूत असतं, किंबहुना वाढलेलं असतं, तेवढ्यावर उभा केलेला बॅले. १९७५ मध्ये तर तिने मार्था ग्रॅहमच्या 'लुसिफर'मध्ये काम केलं. आयुष्यभर वर, हवेकडे जाण्याचं शिक्षण घेतलेल्या बाईने छप्पन्नाव्या वर्षी जमिनीशी नातं सांगणाऱ्या आधुनिक नृत्यात उतरणं, हे धाडस आहे.

आणि एक. ती रोजचा क्लास चुकवत नसे. सकाळचा बार, म्हणजे दांड्याला धरून करायचा सराव, हा तिच्या दिवसाचा पाया होता. टिकणाऱ्या सगळ्या जणींत हे एक समान दिसतं.

उत्तरायण

चवडा, फार छान प्रतिसाद. माझ्यासारख्या नुसत्या प्रेक्षकाला आता चित्रफिती वेगळ्या दिसतील.

गंधर्ववेल

टिकण्याच्या बाबतीत माया प्लिसेत्स्कायाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. जन्म १९२५, मॉस्को. वडिलांना १९३८ मध्ये स्टालिनच्या राजवटीत गोळ्या घातल्या, आई तान्ह्या बाळासकट छावणीत. ही मुलगी तरी मॉस्कोच्या बोल्शॉय बॅले कंपनीत उभी राहिली, सर्वांत मोठी झाली. संशयित घराण्यातली म्हणून कंपनीच्या मोठ्या परदेश दौऱ्यांतून वगळली जायची. अमेरिकेला जाता आलं ते १९५९ मध्ये. १९६७ ची 'कारमेन' तिने मागे लागून करवून घेतली, नृत्य अल्बेर्तो अलोन्सोचं, संगीत नवऱ्याचं, रोदिओन श्चेद्रिनचं. अधिकाऱ्यांना ती अश्लील वाटली, तिने ती सोडली नाही. साठी उलटल्यावरही ती बोल्शॉयची होती आणि सत्तराव्या वाढदिवसाला रंगमंचावर आली. तिचे हात बघा, कोपर आणि मनगट नावाची हाडं तिला होती की नाही अशी शंका येते.

आणि क्युबाची अलिशिया अलोन्सो. विशीतच डोळ्यांचे पडदे सुटले, अनेक शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहणं. त्या अवस्थेत ती बोटांनी 'जिझेल'च्या पदन्यासांची उजळणी करायची. २ नोव्हेंबर १९४३ रोजी न्यूयॉर्कमध्ये आजारी मार्कोवाच्या जागी तिने जिझेल केली आणि ती भूमिका तिचीच झाली. पुढे दिसायचं ते अगदी अंधुक, रंगमंचावरच्या ठळक दिव्यांच्या अंदाजाने ती जागा ओळखायची, जोडीदार नेमक्या जागी उभे राहायचे. १९४८ मध्ये क्युबात स्वतःची कंपनी काढली आणि २०१९ मध्ये मरेपर्यंत तिच्या प्रमुखपदी राहिली.

या दोघींपुढे फॉन्टेन मला नेहमी वेगळी वाटते. त्या दोघींनी बॅले सोडलाच नाही. फॉन्टेनने सोडला, आणि गाईगुरं पाळली.

ताळेबंद

पैशाच्या बाजूचा उल्लेख ओझरता झाला, त्यावर थोडं.

१९५९ पासून ती पाहुणी कलाकार होती असं निशिगंध यांनी लिहिलंय. ती एक ओळ फार महत्त्वाची आहे. पाहुणा कलाकार प्रयोगागणिक भरपूर कमावतो, पण निवृत्तिवेतनाचा हक्क राहत नाही. टिटो मानेपासून खाली लुळा पडलेला, अहोरात्र परिचारिका, प्रवासात सोबत माणसं, हे सगळं पंचवीस वर्षं. शिलकीला उरणार काय?

याउलट पॅरिस ऑपेराचे नर्तक. त्यांची निवृत्तियोजना थेट चौदाव्या लुईच्या काळापर्यंत मागे जाते आणि बेचाळिसाव्या वर्षी ते निवृत्तिवेतनासह बाहेर पडतात. २०१९ मध्ये सरकारने या सवलतीला हात घालायचं ठरवलं तेव्हा ते संपावर गेले आणि नाताळच्या आदल्या दिवशी पाले गार्निए या ऑपेरा हाऊसच्या पायऱ्यांवर, कडाक्याच्या थंडीत, पोरींनी 'स्वान लेक'चा तुकडा नाचून दाखवला. बेचाळीस हा आकडा लाड म्हणून आलेला नाही, चवडा यांनी वर लिहिलेल्या खुब्यांचा तो हिशोब आहे.

ब्रिटनमध्येही सत्तरच्या दशकात नर्तकांना दुसऱ्या व्यवसायाचं शिक्षण मिळावं म्हणून निधी उभा राहिला. आठव्या-दहाव्या वर्षी शिक्षण सुरू झालेलं, अठराव्या वर्षी नोकरी, पस्तिशी-चाळिशीत बाहेर. आणि हातात दुसरं काहीच नाही. ही अडचण कोर द बॅलेतल्या, म्हणजे समूहातल्या, नावही न छापल्या जाणाऱ्या मुलींची जास्त. फॉन्टेनला निदान तिच्यासाठी प्रयोग ठेवणारं जग होतं.

३० मे १९९० रोजी कोव्हेंट गार्डनमध्ये तिच्या मदतीसाठी 'रोमिओ अँड ज्युलिएट'चा प्रयोग झाला. प्लासिदो डोमिंगो गायला, आणि नुरेयेव, स्वतः आजारी असताना, मर्क्युशिओ म्हणून उतरला. ती हजर होती.

तबकडी

हेच मला म्हणायचं होतं. ज्या बाईवर एक अख्खं ऑपेरा हाऊस पोसलं गेलं तिच्या औषधांसाठी वर्गणीचा प्रयोग करावा लागतो, यात निवड कुठे आली? "स्वतः निवडलेली वर्षं" हे शब्द मला जरा जास्त गोड वाटतात.

निशिगंध

गरिबी निवडली असं मी म्हणत नाही. जागा आणि जगणं निवडलं असं म्हणतेय. तपशील सांगते.

१९७९ मध्ये तिच्या साठाव्या वाढदिवसाला रॉयल बॅलेने तिला 'प्रिमा बॅलेरिना असोलुता', म्हणजे सर्वश्रेष्ठ बॅलेरिना, म्हटलं. हा किताब इतिहासात मोजक्याच जणींच्या वाट्याला आला आहे. त्या रात्री ॲश्टनने तिच्यासाठी छोटंसं नृत्य रचलं होतं, शेवटी स्वतः येऊन तिचा हात धरून बाहेर पडला. त्याच वर्षी बीबीसीवर नृत्याच्या इतिहासावरची तिची मालिका आली. लेखन, निवेदन तिचंच. १९८१ पासून ती डरहॅम विद्यापीठाची कुलपती होती. अकॅडमीचं अध्यक्षपद १९५४ पासून अखेरपर्यंत सांभाळलं आणि नुसतं शोभेचं नाही: लहान मुलांच्या अभ्यासक्रमात तिने जातीने लक्ष घातलं. म्हणजे लंडनमध्ये मानाने राहायची सगळी सोय होती. शिकवा, समारंभांना जा, जुन्या आठवणी सांगा.

ती गेली पनामाला. ज्या देशात १९५९ मध्ये नवऱ्याच्या फसलेल्या बंडापायी तिला एक रात्र कोठडीत काढावी लागली आणि मग देशाबाहेर काढलं गेलं, त्याच देशात. शेती घेतली, साधं घर बांधलं, गुरं पाळली. आणि हौसेने नाही, अभ्यास करून: पैदास, चारा, वासरांची नोंद. टिटो तिच्याबरोबर, त्याला भरवण्यापासून सगळं करायची. चरित्रकार लिहितात की गोळीबाराच्या आधी तिच्या मनात घटस्फोटाचे विचार होते, नवरा बाहेरख्याली होता. तेव्हा हे पतिव्रतेच्या गोष्टीत बसवायचा मोह टाळलेला बरा. तिचं त्याच्यावर प्रेम होतं. ते आपल्याला पटेल अशा माणसावर होतं की नाही हा वेगळा प्रश्न.

टिटो नोव्हेंबर १९८९ मध्ये गेला. ती तेव्हा कर्करोगाशी झगडत होती. तिच्या उपचारांचा काही खर्च नुरेयेवने गाजावाजा न करता उचलला. २१ फेब्रुवारी १९९१ रोजी ती पनामा सिटीत गेली. अस्थी नवऱ्याजवळ ठेवल्या.

उत्तरायण

एक साधा प्रश्न. ज्याने फॉन्टेन कधीच पाहिली नाही त्याने सुरुवात कशाने करावी? 'रोमिओ'ने?

चवडा

'रोमिओ'ने नको. १९६६ ची चित्रफीत सहज मिळते म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात आणि मग म्हणतात, वय दिसतं की. पन्नाशीच्या दशकातला अरोराचा रोझ अदाजिओ आधी बघा, कृष्णधवल असला तरी. मग ॲश्टनची 'ऑन्डीन', त्यातलं जलपरीचं स्वतःच्या सावलीशी खेळणं. तिथे तिची पावलं, हात, चेहरा सगळं एका लयीत आहे. त्यानंतर 'मार्गरिट अँड आर्मां'. या क्रमाने गेलात तर काय गेलं आणि त्या जागी काय आलं हे आपसूक कळतं. 'रोमिओ' सर्वांत शेवटी, आणि त्यात बाल्कनीच्या प्रवेशापेक्षा शेवटचा अंक नीट बघा.

गंधर्ववेल

आणि जमलं तर सेमूरचीही ज्युलिएट शोधा, तबकडी यांच्या प्रतिसादानंतर ते व्हायलाच हवं. मी 'कारमेन'वर वेगळा धागा काढते आहे, प्लिसेत्स्कायावर इथे लिहिलं तर मूळ विषय बाजूला पडेल.

तबकडी

सेमूरचे तुकडे मिळाले तर त्या धाग्यावर टाकतो. निशिगंध, गुरांची पैदास नि नोंदी हे माहीत नव्हतं. पैशाबद्दलचं माझं मत तेच आहे, पण पनामाबद्दल तुमचं मान्य.